‘अलार्म बंद केला’ म्हणजे नेमके काय केले?

विचारणा: केंद्रीय देखरेख कक्षाच्या माहितीपुस्तिकेचे मराठी करताना दोन शब्दांपाशी अडलो आहे. वॉर्डांतील रुग्णांच्या हृदयाचे ठोके, श्वसनाचा वेग आणि रक्तातील ऑक्सिजन दूरच्या एका खोलीतील पडद्यांवर पाहणाऱ्या या व्यवस्थेला ‘दूरस्थ निरीक्षण’ म्हणावे की ‘देखरेख’? आणि अलार्मला ‘गजर’ चालेल का?

प्रतिसाद: ‘देखरेख’च घ्यावा. निरीक्षण करणारा पाहतो आणि नोंदवतो. देखरेख करणाऱ्यावर काही बिघडल्यास हालचाल करण्याची जबाबदारी येते. कक्षातील तंत्रज्ञ फोन उचलून ‘बारा नंबरची लीड (छातीवर चिकटवलेली तार) निघाली आहे’ असे सिस्टरांना कळवतो, तेव्हा तो नुसता निरीक्षक उरत नाही. (‘पाळत’ तर नकोच, ती संशयितावर ठेवतात.) ‘गजर’ ठरल्या वेळी होतो, नाहीतर नामाचा होतो. शिवाय अलार्म म्हणजे केवळ आवाज नव्हे: आयईसी 60601-1-8 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार सर्वांत तातडीच्या अलार्मला लुकलुकणारा लाल दिवा आणि 10 स्पंदांचा ध्वनी असतो, तर मध्यम तातडीच्या अलार्मला लुकलुकणारा पिवळा दिवा आणि 3 स्पंदांचा. ‘गजर’ म्हटले की दिवा हातचा सुटतो. वॉर्डात सगळे ‘अलार्म’च म्हणतात, तोच ठेवावा.

खरी अडचण ‘बंद’ या शब्दाची आहे. पाळी बदलताना कोणी ‘अलार्म बंद केला’ असे सांगितले, तर त्याचे तीन अर्थ निघतात: रुग्णाची अवस्था तशीच असताना फक्त आवाज थोड्या वेळापुरता थांबवला, त्या मोजमापाचा अलार्मच काढून ठेवला, किंवा सरकलेला प्रोब (बोटावरचा संवेदक) नीट बसवल्यावर अलार्म आपोआप थांबला. पहिल्यासाठी ‘आवाज थांबवणे’, दुसऱ्यासाठी ‘अलार्म निष्क्रिय करणे’ आणि तिसऱ्यासाठी ‘अलार्म थांबला’ असे काटेकोर वेगळे शब्द हवेत, कारण दुसरा अर्थ पहिला समजला गेला तर पुढचा धोका वाजणारच नाही.

पूरक: ‘खोटा अलार्म’ही जपून वापरावा. रुग्ण दात घासत असताना हाताच्या हालचालीमुळे पडद्यावर हृदयाच्या गंभीर अनियमिततेसारखी रेघ उमटते. तो अलार्म खोटा. ऑक्सिजनची खालची मर्यादा 90 असताना आकडा क्षणभर 89 वर उतरून पुन्हा वर आला, तर मोजमाप खरेच असते, फक्त करण्यासारखे काही नसते. त्याला ‘अनावश्यक’ म्हणावे. अशा अलार्मांचा भडिमार झाला की कान सरावतात आणि महत्त्वाचा अलार्मही कानाआड होतो. या अवस्थेला मी ‘अलार्मबधिरता’ म्हणेन. इंग्रजीत तिला ‘अलार्म फटीग’ म्हणतात, पण ‘थकवा’ विश्रांतीने जातो, ही जात नाही. आणि ‘कोडगेपणा’ म्हटले तर चुकीच्या लावलेल्या मर्यादांचा दोष विनाकारण सिस्टरांच्या माथी बसतो.

विचारणाऱ्याकडून: आभार. मसुद्यात अलार्मचा आवाज थांबवण्याच्या बटणावर मी ‘बंद करा’ असेच लिहिले होते. या यंत्रात ते दाबल्यावर आवाज 2 मिनिटांनी परत येतो, म्हणून आता ‘2 मिनिटे आवाज थांबवा’ असे केले आहे.