मदत हवी आहे: कार्डवाल्या दारातून मागोमाग घुसणाऱ्यांचं काय करायचं?

आमची मुलुंडला 14 मजली बिल्डिंग, लॉबीच्या दाराला कार्ड आणि मॅग्नेटिक लॉक आहे तरी एकाने कार्ड टेकवलं की मागून तीन जण आत, डिलिव्हरीवाले, सेल्समन, कोण कुठला पत्ता नाही, आणि वर आपणच दार धरून ठेवतो, तोंडावर कसं लावणार ना! परवा दुसऱ्या मजल्यावरून चपला गेल्या.

व्हेंडर म्हणतो अँटी-पासबॅक टाका, पण ते एकच कार्ड दोघांनी वापरू नये म्हणून असतं ना, बिनकार्डाचा मागून घुसला तर त्याला काय कळणार? ट्रायपॉड टर्नस्टाइल (तीन दांड्यांचं फिरतं गेट, एका वेळी एकच जण जातो) लावलं तर आजींची व्हीलचेअर अडकणार. कुणी दोन दारांचा इंटरलॉक (एक दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही) किंवा दार जास्त वेळ उघडं राहिलं की वाजणारा अलार्म बसवलाय का? खर्च किती आला तेही सांगा, वॉचमन रात्री एकटाच असतो.