मदत हवी आहे: रिकर्शनमध्ये आर्ग्युमेंट्स पुढे पाठवल्यावर बेरीज '५१०,२०' का येते?

कितीही आकडे घेऊन बेरीज करणारं रिकर्सिव्ह (स्वतःलाच पुन्हा कॉल करणारं) फंक्शन जावास्क्रिप्टमध्ये हवंय. रिड्यूस (यादीचं एक उत्तर काढणारी तयार पद्धत) नको, रिकर्शनच समजून घ्यायचंय. (कीवर्ड इथे देवनागरीत लिहिलेत.)

फंक्शन बेरीज(पहिला, ...बाकी) {
  इफ (बाकी.लेंग्थ === ०) रिटर्न पहिला;
  रिटर्न पहिला + बेरीज(बाकी);
}

बेरीज(५, १०, २०) केलं की ३५ ऐवजी '५१०,२०' अशी स्ट्रिंग (मजकूर) मिळते. एरर काहीच नाही.

प्रतिसाद १
आतल्या कॉलमधली तीन टिंबं राहिलीत. बेरीज(...बाकी) हवं.

टिंबं दोन्हीकडे सारखीच दिसतात, पण कामं उलटी. पॅरामीटरमध्ये ती रेस्ट असतात, सुटे आकडे ॲरेत (यादीत) बांधतात. कॉलमध्ये ती स्प्रेड असतात, बांधलेला ॲरे सोडतात. तुम्ही बांधलंत, सोडलं नाहीत. त्यामुळे दुसऱ्या फेरीत पहिला = [१०, २०] आणि बाकी रिकामा; फंक्शनने तो ॲरे तसाच परत केला. मग ५ + [१०, २०] करताना दोन्हींची स्ट्रिंग होऊन ती जोडली गेली.

शिवाय नुसतं बेरीज() केलं तर अनडिफाइन्ड येईल. पहिला = ० असा डिफॉल्ट द्या.

प्रतिसाद २
थांबायची अट 'आर्ग्युमेंट्स.लेंग्थ शून्य' (फंक्शनला पाठवलेल्या गोष्टींची संख्या शून्य) अशी असती, तर हीच चूक जास्त महागात पडली असती. ॲरे न सोडता पाठवला की, तो रिकामा असला तरी आर्ग्युमेंट एक मोजलं जातं. अट कधीच खरी होत नाही आणि स्टॅक (अपूर्ण कॉल्सची नोंद ठेवणारी जागा) भरतो. क्रोममध्ये 'मॅक्सिमम कॉल स्टॅक साइझ एक्सीडेड', फायरफॉक्समध्ये 'टू मच रिकर्शन'.

प्रश्नकर्ता
३५ आलं, आभार! आता ॲरो फंक्शन (=> ने लिहिलेलं) करून आर्ग्युमेंट्स.लेंग्थ पाहिलं, तर नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवतं ते) काहीही न पाठवता ५ दिसतंय?

प्रतिसाद २
ॲरोला स्वतःचं आर्ग्युमेंट्स नसतं, ते बाहेरच्या फंक्शनचं घेतं. कॉमनजेएस (रिक्वायर वापरणारी मॉड्यूल पद्धत) फाइल नोड स्वतःच एका फंक्शनात गुंडाळतं आणि त्याला पाच गोष्टी देतं: एक्स्पोर्ट्स, रिक्वायर, मॉड्यूल, फाइलचा पाथ, फोल्डरचा पाथ. तेच हे ५. ईएस मॉड्यूलमध्ये (इम्पोर्ट वापरणारी पद्धत) इथे रेफरन्स एरर येईल. रेस्ट मात्र ॲरोतही नीट चालतं, तेच वापरा.

प्रतिसाद १
आकडे हजार असतील तर एक लक्षात घ्या. दर फेरीला बाकी नव्याने बनतो: ९९९, ९९८, ९९७... मिळून ४,९९,५०० नोंदी. म्हणून रेस्ट फक्त बाहेरच्या फंक्शनला ठेवा आणि रिकर्शन आतल्या मदतनीस फंक्शनात करा:

फंक्शन जोड(यादी, क्र) {
  इफ (क्र === यादी.लेंग्थ) रिटर्न ०;
  रिटर्न यादी[क्र] + जोड(यादी, क्र + १);
}

बाहेरून जोड(सगळे, ०); सगळे म्हणजे बाहेरच्या फंक्शनचा रेस्ट ॲरे. ॲरे एकच राहतो, पुढे सरकतो तो फक्त क्र. स्टॅकची खोली मात्र तेवढीच राहते, तेव्हा लाखभर आकड्यांना साधा लूपच लावा.