'बहुविद्याशाखीय' की 'आंतरविद्याशाखीय'?

विचारणा (माटुंगा)

आमच्या महाविद्यालयाच्या शोधनिबंध-संग्रहाचं मुद्रितशोधन सध्या माझ्याकडे आहे. आरोग्य, शिक्षण आणि वनस्पतिशास्त्र या तिन्ही विषयांतले निबंध एकाच अंकात आहेत. मुखपृष्ठावर 'बहुशाखीय संशोधन' असं आहे, संपादकीयात 'बहुविद्याशाखीय', आणि आत एका निबंधाच्या सारांशात 'आंतरविद्याशाखीय'. सहकारी म्हणतात, सगळ्यांचा अर्थ एकच, कुठलाही एक ठेवा आणि मोकळ्या व्हा. मला ते पटत नाही. शिवाय 'वनस्पती'तला 'ती' कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ दिसतोय. जाणकारांनी सांगावं.

उत्तर (परळ)

ताई, पटत नाही ते योग्यच आहे. हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले, तर संशोधन नेमकं कसं झालं हेच वाचकाला कळणार नाही.

'बहुशाखीय' आधी काढा. नुसती 'शाखा' म्हटली की मुंबईच्या वाचकाला आधी बँकेची शाखा आठवते. 'विद्याशाखा' विद्यापीठांच्या कारभारात मुरलेला शब्द आहे. लांब आहे खरा, पण घोटाळा होत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणावरच्या मराठी लिखाणातही 'बहुविद्याशाखीय'च रुळला आहे.

आता उरले दोन. 'बहु' म्हणजे अनेक, एवढंच. अनेक विद्याशाखांची मंडळी एका संग्रहात आली आणि प्रत्येकानं आपापलं काम आपापल्या पद्धतीनं केलं, तरी तो संग्रह बहुविद्याशाखीय. 'आंतर'ला परस्परसंबंध लागतो. दोन जातींची कुटुंबं एकाच मजल्यावर राहतात म्हणून कुणी त्याला आंतरजातीय विवाह म्हणत नाही.

उदाहरण गुळवेलीचं घ्या, आपल्या मुंबईतलंच. केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर यांच्या गटानं गुळवेलीवर काम केलं. पित्तनलिका अडल्यामुळे कावीळ झालेल्या आणि शस्त्रक्रियेला जाणाऱ्या रुग्णांना गुळवेल देऊन पाहिली. औषधशास्त्र आणि शल्यचिकित्सा, दोन्हीकडची माणसं त्यात होती, आणि प्रश्न दोघांचा मिळून होता. याला मी निःशंकपणे 'आंतरविद्याशाखीय' म्हणेन.

पुढे करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० दरम्यान मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले ६ रुग्ण आढळले. सगळ्यांनी गुळवेल घेतलेली. ही नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर आयुष मंत्रालयानं हरकत घेतली: रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती, हे तपासलं कुठे? हरकत गंभीर होती. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया म्हणजे आपली गुळवेल. तिच्यासारखीच दिसणारी बहीण टिनोस्पोरा क्रिस्पा. पानं दोघींची हृदयाच्या आकाराची, पण क्रिस्पाच्या खोडावर ठसठशीत गाठी असतात. बाजारातून सुकलेले तुकडे आणले किंवा घरी तयार चूर्ण आलं, तर साध्या माणसानं ओळखायचं कसं? २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात रुग्णांकडून मिळालेल्या नमुन्यांची रासायनिक तपासणीही केली होती.

इथे यकृततज्ज्ञाचं एकट्याचं भागत नाही आणि वनस्पतितज्ज्ञाचंही. रुग्णाच्या रक्ततपासणीचा अर्थ लावायला खोडाची ओळख पटावी लागते, म्हणजे फांदीचा नमुना सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या ब्लॅटर हर्बेरियमसारख्या, वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या नमुन्यांशी ताडून पाहायला हवा. तुमच्या संग्रहात असा निबंध असेल, तर त्यावर 'आंतरविद्याशाखीय' अवश्य लिहा. पण एका पानावर मधुमेह, पुढच्यावर इयत्ता सहावीचं गणित आणि तिसऱ्यावर कांदळवन, अशी नुसती रांग असेल तर तो शब्द वापरू नका. जे घडलेलं नाही त्याचं श्रेय घेतल्यासारखं होईल.

शंका (मुलुंड)

भेद पटला, पण एक अडचण आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठात चार विद्याशाखा आहेत आणि त्यांतल्या एकीचं नावच 'आंतरविद्याशाखीय अभ्यास'. शिक्षणशास्त्र तिच्यात मोडतं. मग शिक्षणावरचा प्रत्येक निबंध आपोआप आंतरविद्याशाखीय झाला का?

उत्तर (परळ)

नाही झाला. ते कारभारासाठी केलेल्या विभागाचं नाव आहे. प्राध्यापक कुठल्या विद्याशाखेत बसतात हे त्यावरून कळतं, निबंध कसा लिहिला गेला हे कळत नाही. समजा, गुळवेल आणि क्रिस्पा यांतला फरक आठवीच्या मुलांना चित्रावरून चांगला कळतो की हातात फांदी दिल्यावर, हे कुणी तपासलं. त्यात शिक्षणशास्त्राची चाचणीपद्धत आणि वनस्पतिशास्त्राची ओळखलक्षणं, दोन्ही लागतील. हा झाला अर्थानं आंतरविद्याशाखीय निबंध. शाळेतल्या हजेरीवरचा साधा निबंध मात्र नुसता 'शिक्षणशास्त्रीय' म्हणावा, त्यात काही कमीपणा नाही.

आता ऱ्हस्व-दीर्घ. सुटा शब्द 'वनस्पती', दीर्घ. समासात पहिलं पद म्हणून आला की मूळ संस्कृताप्रमाणे ऱ्हस्व: वनस्पतिशास्त्र, वनस्पतितज्ज्ञ. 'बुद्धी' पण 'बुद्धिवैभव', 'कवी' पण 'कविसंमेलन', तसंच.

आणखी एक, न विचारता सांगतो. विषयसूचीत 'आरोग्य'च्या जागी 'वैद्यकीय' करू नका. पाणी, पोषण, झोप, वस्तीतली हवा हे सगळं आरोग्याच्या संशोधनात येतं, 'वैद्यकीय'त डॉक्टर आणि दवाखाना एवढंच डोळ्यांपुढे येतं. दाटीवाटीच्या वस्त्यांतल्या क्षयरोगावरचा निबंध त्या मथळ्याखाली घुसमटेल.

विचारणाकर्ती (माटुंगा)

मनापासून आभार. मुखपृष्ठ 'बहुविद्याशाखीय' करते. सारांशातला 'आंतरविद्याशाखीय' तसाच राहू देते, कारण तो निबंध खरोखरच औषधी वनस्पतींच्या भेसळीवर आहे आणि लेखिका दोघी आहेत, एक वनस्पतिशास्त्राच्या, एक औषधनिर्माणशास्त्राच्या. 'वनस्पति'च्या वेलांट्या आज रात्री बसून तपासते.