अबोली वाचली, बाकीची गेली: कमी कटकटीची आपली झाडं आणि घरातलंच सामान, तुमचे अनुभव लिहा

मागच्या दिवाळीत नवीन फ्लॅटमध्ये आलो तेव्हा हौसेने नर्सरीत जाऊन ते मोठ्ठ्या पानांचं फिडल लीफ फिग, पीस लिली आणि एक पट्ट्यापट्ट्यांचं काहीतरी, असं साडेतीन हजाराचं सामान उचलून आणलं, पांढऱ्या सिरॅमिकच्या कुंड्या वेगळ्या. मे महिन्यात अकरा दिवस गावाला गेलो. परत येऊन दार उघडलं तर फिगची पानं खाली, लिली आडवी, आणि पट्टेवाल्याला पिठ्या ढेकणाने असं माखलेलं की आधी वाटलं कणीक सांडलीये. शिल्लक काय, तर ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे आईने जुन्या तेलाच्या डब्यात लावून दिलेली अबोली, जिच्याकडे सहा महिन्यांत ढुंकूनही बघितलं नव्हतं. माना टाकल्या होत्या पण तांब्याभर पाणी घातलं आणि संध्याकाळपर्यंत ताठ.

तर आता ठरवलंय, घर सजवायचं ते इथल्याच हवेची सवय असलेल्या झाडांनी आणि माळ्यावर पडलेल्या सामानाने. रोज पाणी, फवारणी, पानं पुसणं जमणार नाही. तुम्ही काय केलंत, काय फसलं, सगळं लिहा. फसलेलं आधी.

डोंबिवली, तिसरा मजला

संक्रांतीची सुगडं टाकून कोण देतं? दरवर्षी पाच येतात, मी तीन वर्षांची जमवली होती. कुंडी म्हणून वापरायला तळाला भोक पाडावं लागतं, ते पहिल्यांदा खिळा-हातोडीने करायला गेले आणि दोन सुगडांचे सरळ दोन-दोन तुकडे. मग सुगड रात्रभर पाण्यात भिजत घालायचं, पालथं करून ओल्या फडक्यावर ठेवायचं आणि ड्रिल हळू चालवायचं, हातोडा मोड बंद करून, असं नवऱ्याने शोधून काढलं. पण खरी गंमत अशी की ब्राह्मीला भोक लागतच नाही. तिला पाय ओले असलेलेच आवडतात. बिनभोकाचं सुगड, मूठभर माती, ब्राह्मीच्या चार काड्या, पंधरा दिवसांत काठावरून खाली लोंबायला लागते, पांढरी इवली फुलं येतात. एकच त्रास, कच्ची माती पाझरते आणि बाहेरून पांढरे क्षार धरतात, त्यामुळे फर्निचरवर ठेवू नका. मी जुन्या स्टीलच्या झाकण्या खाली ठेवल्यात. सासूबाई म्हणाल्या चहाच्या टपरीसारखं दिसतंय. दिसू दे.

पुणे

आधी एक नारदमुनीगिरी करतो, माफ करा. "आपली झाडं" म्हणताना जपून. सदाफुली आणि पानफुटी दोघी मादागास्करच्या, झेंडू मेक्सिकोचा, देवळातला पांढरा देवचाफा मध्य अमेरिकेकडचा, कोरफड अरबस्तानातली. मनी प्लांटचं तर सोडाच. हे मी आजीला सांगितलं असतं तर तिने सदाफुलीचीच काडी घेऊन पाठलाग केला असता. अस्सल इथली म्हणाल तर कोरांटी, अबोली, तेरडा, अडुळसा, निर्गुडी, कढीपत्ता, शतावरी, सोनचाफा. बाहेरून आलेली उपटून टाका असं नाही म्हणत, पण इथल्यांना आपला चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडं हा हिशोब मुळातच पाठ असतो.

माझ्याकडे पश्चिमेच्या खिडकीत शतावरी आहे, ग्रिलवर सोडली की बारीक हिरवी झालर होते, पडद्याची गरज नाही. काटे आहेत, पोरांचा हात पोचेल तिथे नको. कुंड्या प्लास्टिकच्याच, पण बुरूड आळीतून बांबूच्या रोवळ्या आणल्या आणि कुंडी त्यात उतरवली. पहिली रोवळी चार महिन्यांत कुजली कारण पाणी थेट बांबूवर. आता आत भाताच्या जुन्या कुकरचा डबा, त्यात कुंडी. डबा दिसत नाही आणि कामवाल्या मावशींना वाटतं मी बरंच काही केलंय.

सोलापूर

माझं सगळ्यात स्वस्त डेकोरेशन आणि सगळ्यात मोठी फजिती एकच. शेतातून ज्वारीची पंधरा-वीस कणसं आणली, आजीच्या पितळी घंगाळात उभी केली, हॉलमध्ये ठेवली, फोटो काढला, नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकला, वाहवा. महिन्याभरात टोके. कणसातून निघाले ते सोफ्यात, सोफ्यातून डाळींच्या डब्यात. आणि खिडकी उघडी राहिली की कबुतरं थेट आत. आता घंगाळात बहाव्याच्या वाळलेल्या शेंगा आहेत, काळ्या, हात-दीड हात लांब. रस्त्यावर पडलेल्या उचलल्या, फडक्याने पुसल्या, दोन दिवस उन्हात. दोन वर्षं झाली, कोणी खात नाही, पाणी मागत नाही. हलवल्या की खुळखुळतात, म्हणून नातू सोडत नाही तेवढंच.

रत्नागिरीजवळ

तौक्ते वादळात, मे २०२१, आमच्या परड्यातल्या आंब्याची एक जाड फांदी पडली, तिच्यावर सीतेची वेणी होती. ऑर्किड म्हणतात ते, पण आम्ही वेणीच म्हणतो, कारण गुलाबी-पांढऱ्या फुलांचा घोस खरंच माळलेल्या वेणीसारखा लोंबतो. फांदी चुलीत जाणार होती. मी मुळांसकट साल सोडवली, नारळाचं मोठं सोडण घेतलं, त्यावर काथ्याने घट्ट बांधली आणि पडवीच्या वाशाला टांगली. माती अजिबात नाही. पावसाळ्यात बघायचंच नाही, उन्हाळ्यात एक दिवसाआड सोडण बादलीत बुडवायचं. पहिली दोन वर्षं फूल नाही, आई रोज विचारायची हे वाळकं कशाला टांगलंस. तिसऱ्या वर्षी मे संपता संपता एक वेणी आली, वीतभर. आता शेजारी मागतात. रानातून ओरबाडून आणू नका एवढंच सांगेन, पडलेल्या फांदीवरची घ्या.

नागपूर

तुमच्या मुंबई-पुण्याची झाडं इकडे मे मध्ये दोन दिवसांत पापड होतात बाप्पा. पंचेचाळीसच्या वर पारा. माझ्याकडे टिकून राहिली ती गुळवेल. शेजाऱ्याच्या कडुनिंबावरून वीतभर तुकडा आणला, खोचला, ग्रिलवर चढवला. उन्हाळ्यात पानं सगळी झडली, मी समजलो गेली, कापूनच टाकत होतो, तर कापलेल्या तुकड्यातून खाली दोऱ्यासारखी मुळं लोंबायला लागली! उगाच नाही तिला अमृता म्हणत. आता पावसात बदामासारख्या पानांनी अख्खी खिडकी भरते.

दुसरं म्हणजे वाळा. कुलरच्या ताट्या बदलताना जुन्या फेकतो ना आपण, त्यातली बरी मुळं काढून जुड्या बांधल्या, माठाजवळ भिंतीला टांगल्या, आणि दुपारी पाण्याचा हबका मारला की खोलीभर वास. शोपीस म्हणा, अत्तर म्हणा.

ठाणे

आमच्या बाथरूमच्या खिडकीखाली भेगेत पिंपळ उगवला. कावळ्याची कृपा. प्लंबर म्हणाला काढा नाहीतर पाइप फोडेल. काढला, मारवेना, म्हणून लोणच्याच्या छोट्या बरणीत लावला आणि टीव्हीशेजारी ठेवला. सहा वर्षं झाली, वीतभरच आहे, लोक विचारतात बोन्साय कितीला घेतलं. आई मात्र आल्या आल्या म्हणाली, पिंपळ घरात नको, मुंजा येतो. मग तो आता जिन्यात आहे. मुंजा सोसायटीचा झाला.

एडिसन, न्यू जर्सी

इथे आपली झाडं आणायचा हट्ट मी केला, हिवाळ्यात तुळस-कढीपत्ता बेडरूमच्या हीटरपाशी घेऊन झोपले, दोन्ही गेले. मग कळलं की इथे राहायचं तर इथलीच. पोर्चवर ब्लॅक आयड सुझन आणि मिल्कवीड लावलं. थंडीत वर सगळं वाळतं पण कापत नाही, वाळक्या बोंडांवर बर्फाच्या टोप्या बसतात आणि गोल्डफिंच पक्षी बिया टिपायला येतात, तो इथला राज्यपक्षी. मिल्कवीडवर मोनार्क फुलपाखराच्या अळ्या येतात, आपल्याकडे रुईवर पट्टेरी अळ्या दिसतात ना, त्यांचीच भावकी. चूक एकच: मातीची कुंडी ओली बाहेर राहिली, जानेवारीत पाणी आत गोठलं आणि उभी तडकली.

पुणे (परत मीच)

अळ्यांवरून आठवलं. कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची शिट पडल्यासारखं काही दिसलं तर झटकू नका, ती बहुतेक वेळा फुलपाखराची लहान अळी असते. लिंबावर पण येतात, नशीब असेल तर ब्लू मॉरमॉनची, २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू. थोडी पानं खातात, खाऊ देत, फोडणीपुरती उरतात.

फोंडा, गोवा

ताई, तुमच्या अबोलीबद्दल कोणीच काही बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे दारात अबोली नाही असं घर नसतं, वास नाही पण गजरा दुसऱ्या दिवशीही तसाच. तिच्या वाळलेल्या बोंडांवर पावसाचा थेंब पडला की फट्ट करून फुटतात आणि बिया लांब उडतात. पहिल्या पावसात ओट्यावर बसलं की टक टक ऐकू येतं. लहानपणी आम्ही बोंडं जिभेवर ठेवून फोडायचो, आई ओरडायची. वाळलेली बोंडं काढत राहिलात तर फुलं जास्त येतील, ठेवलीत तर रोपं फुकट.

मूळ लेखिका

फोंड्याच्या ताई, तुमचं वाचून आत्ता मशीन पुढे ओढली. मागे पाणी जायच्या जाळीत, साबणाच्या पाण्यात, अबोलीची चार रोपं उभी आहेत, प्रत्येकी बोटभर. आणि मी इतके महिने तिथे बोळा अडकलाय म्हणून प्लंबरला फोन करत होते. डोंबिवलीच्या ताई, तुमच्याकडे भोकं पाडलेली किती सुगडं उरलीत? मी येऊन घेऊन जाते, ड्रिल आमच्याकडे नाही.