सल्ला हवा: वादळाच्या मॉडेलसाठी मशीन घ्यावं की सुपरकॉम्प्युटरवर वेळ मागावा? (बजेट ७० हजार)

तापीकाठ: जळगावला पीएच.डी. करतोय. विषय, मे-जूनची वादळं डब्ल्यूआरएफ मॉडेलवर (हवामानाचं गणित करणारा प्रोग्रॅम), रावेर-यावल पट्टा. केळीचे घड कापणीवर आलेले असतात आणि अर्ध्या तासात बाग आडवी होते, म्हणून हाच विषय घेतला. ७० हजारांवर एक रुपया नाही. काय करू?

भुसावळचा_पोऱ्या: ७० मध्ये काहीच येत नाही भाऊ. मी दीड लाखाचं बांधून घेतलं, आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड, ६४ जीबी रॅम. मक्खन चालतंय. डोळे झाकून घे.

सातपुडा: त्याला ग्राफिक्स कार्ड काय कामाचं? नेहमीचं डब्ल्यूआरएफ सीपीयूवर, म्हणजे मुख्य प्रोसेसरवर चालतं. प्रोसेसरचे कोअर आणि मेमरीचे चॅनल बघ. जुनं वर्कस्टेशन मात्र घेऊ नकोस, वीज फार खातं.

नंदुरबारी: सगळ्यात आधी यूपीएस! माझं रन संपत आलं आणि लाइट गेली, एसएमपीएसही (मशीनचा वीजपुरवठ्याचा डबा) जळाला. दुकानदार म्हणे वॉरंटीत बसत नाही. आणि namelist.input, म्हणजे मॉडेलच्या सेटिंगची फाइल नको विसरू, त्यात रिस्टार्ट_इंटरव्हल मिनिटांत असतो. १८० टाकलास तर मॉडेलच्या दर तीन तासांना फाइल पडते, तिथूनच पुढे चालू.

पुण्यात_सध्या: घरच्या मशीनवर थिसिस होणार नाही, स्पष्ट सांगतो. हवामान खात्याचं अंदाजाचं मॉडेल, भारत फोरकास्ट सिस्टम, २०२५ मध्ये १२ वरून ६ किमी ग्रिडवर (नकाशाचे चौकोनी ठोकळे) आलं, तेही पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेतल्या अर्का सुपरकॉम्प्युटरवर. त्याची ताकद ११.७७ पेटाफ्लॉप्स (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला दहा लाख अब्ज गणितं). तुझं वादळ ६ किमीच्या चौकटीत नीट दिसतच नाही, किलोमीटरभराची ग्रिड लागेल. ग्रिड निम्मी केली की आडवे-उभे ठोकळे चौपट आणि टाइमस्टेपही (मॉडेल वेळेत एका वेळी पुढे सरकतं ते पाऊल) निम्मा, म्हणजे गणित आठपट. ६ वरून १ वर ये, दोनशेपटींच्या वर जातं. मोठी मशीन हवीत ती यासाठी.

धुळ्याचे_आबा: अमेरिकेच्या एल कॅपिटन सुपरकॉम्प्युटरला ३० मेगावॅटच्या आसपास वीज लागते म्हणे. आमच्या पंपाला आठ तास मिळत नाही. त्या पैशात गावोगाव पर्जन्यमापक आणि इकडे रडार द्या. मोजमापच नसेल तर मशीन काय दळणार?

पुण्यात_सध्या: आबा, रडार हवंच, पण त्याचा डेटा मॉडेलमध्ये घालायलाही हीच ताकद लागते. अमेरिकेनं क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला आढेवेढे घेतले, तेव्हा १९८८ ला सी-डॅक ही सरकारी संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये तिचा देशी सुपरकॉम्प्युटर परम ८००० आला. २०१५ च्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनला ४५०० कोटी ठेवले, त्यातूनच कॉलेज-विद्यापीठाच्या पोरांना आताच्या परम मशीनवर वेळ मागता येतो. तापीकाठ, गाईडच्या सहीनं प्रस्ताव दे. आधी छोटं रन करून किती कोअर-तास (किती कोअर गुणिले किती तास) लागतील ते दाखव, नुसत्या अंदाजाला कोणी विचारत नाही.

भुसावळचा_पोऱ्या: तरी ४०७० असलेलं बरं, पुढे एआय शिकता येतं.

चोपडेकर: यूपीएस घ्या आधी. आणि मे महिन्यात खोलीत ४५ डिग्री असते, कूलर मशीनच्या तोंडावर लावू नका, दमटपणानं बोर्ड गंजतो.

तापीकाठ: सगळ्यांचे आभार. सातपुडा दादा नको म्हणाले तरी दोन झिऑन प्रोसेसरचं जुनं वर्कस्टेशनच घेतलं, ६४ जीबी रॅमसकट ४८ हजारांत. उरलेल्यात यूपीएस आणि हार्डडिस्क. ९ आणि ३ किमीची रनं घरी करून कोअर-तासांचा हिशोब काढतो, १ किमीसाठी परमचा अर्ज. तो सरांकडे सहीला गेलाय. आबा, रडारचा मुद्दा प्रस्तावनेत घालतो.

नंदुरबारी: जुन्या मशीनचा एसएमपीएस उघडून बघ आधी.