मराठी मजकुराची अक्षरमर्यादा नेमकी कशी मोजावी?

वाचनालय कार्यवाह (खानापूर तालुका)

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयाला ग्रंथसाहाय्य मिळावे म्हणून एका संस्थेच्या संकेतस्थळावर अर्ज भरला. ‘वाचनालयाचा परिचय’ या रकान्याला १५०० अक्षरांची मर्यादा होती आणि मजकूर इंग्रजी, कन्नड किंवा मराठी यांपैकी कोणत्याही भाषेत चालेल, असे वरच लिहिले होते. मी आधी वहीत कच्चा मजकूर तयार करून शाळेत शिकवतात तशी अक्षरे मोजली, तेव्हा ती साडेसहाशेच्या आसपास भरली. तोच मजकूर टंकित करून रकान्यात चिकटवला, तर खालचा आकडा १४०० च्या पुढे गेला. मर्यादेच्या आत असल्यामुळे मी अर्ज पाठवून दिला.

पोचपावतीची पीडीएफ उघडली तेव्हा परिचयाचा निम्माही भाग त्यात नव्हता. मजकूर एका शब्दाच्या मध्येच तुटला होता आणि तुटलेल्या टोकाला काळ्या शंकरपाळीसारख्या आकृतीत पांढरे प्रश्नचिन्ह उमटले होते. शेजारच्या गावातील मंडळाने याच रकान्यात इंग्रजीत भरलेला परिचय मात्र अखेरच्या ओळीपर्यंत छापून आला आहे. आपल्या भागात असे काही घडले की भाषेचा प्रश्न लगेच पुढे येतो, आणि आमच्या समितीतील एक-दोघांनी तो काढलाही. तक्रार करायची की नाही हे ठरवण्याआधी मला तांत्रिक कारण समजून घ्यायचे आहे. एकाच मजकुराचे इतके वेगवेगळे आकडे का येतात, आणि महिनाअखेरपर्यंत दुरुस्तीची मुदत असल्याने आता किती लिहिले म्हणजे ते सुरक्षित राहील?

संगणक शिक्षक (टिळकवाडी, बेळगाव)

कार्यवाह साहेब, आपल्या वहीतील आकडा, रकान्याखालचा आकडा आणि पोचपावतीतील तुटलेली जागा या तिन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर आहेत. मोजण्याचे एकक मात्र तिन्ही ठिकाणी निराळे आहे.

‘विद्यार्थ्यांना’ हा शब्द घेऊ. वहीत मोजताना आपण वि, द्या, र्थ्यां, ना अशी चार अक्षरे धरतो. संगणकात हा शब्द युनिकोडच्या, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीच्या, चिन्हांनी साठवला जातो आणि तेथे व्यंजन, वेलांटी, हलन्त, काना, अनुस्वार यांतील प्रत्येकाला स्वतंत्र स्थान असते. व, पहिली वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, हलन्त, य, काना, अनुस्वार, न, काना अशी ही पंधरा चिन्हे होतात. जोडाक्षर पडद्यावर एकसंध दिसत असले, तरी आत त्याचे तुकडे सुटेच राहतात. रकान्याखाली जो आकडा पळतो, तो ब्राउझर मोजतो आणि देवनागरीसाठी तो या चिन्हांचाच असतो.

तिसरे एकक बाइटचे, म्हणजे संगणकातील साठवणुकीच्या लहान मापाचे. संकेतस्थळांवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत साध्या इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, मग ते ‘क’ असो वा नुसता अनुस्वार असो, तीन बाइट लागतात. म्हणजे ‘विद्यार्थ्यांना’ या एका शब्दाचे पंचेचाळीस बाइट झाले. आता माहितीसाठ्यात त्या रकान्याची जागा १५०० बाइट अशी आखली असेल, तर पडद्यावरचा मोजक १५०० चिन्हे खुशाल स्वीकारतो आणि पलीकडे साठवताना पहिले १५०० बाइट ठेवून उरलेला मजकूर टाकून दिला जातो. ओरॅकलसारख्या माहिती साठवणाऱ्या प्रणालीत लांबी मुद्दाम चिन्हांत सांगितली नाही, तर ती मूळ मांडणीनुसार बाइटमध्येच धरली जाते. रकाना आखणाऱ्याने चाचणी केवळ इंग्रजी मजकुरावर घेतली असेल, तर हा दोष त्याच्या नजरेस येणेच शक्य नाही, कारण इंग्रजीत चिन्हे आणि बाइट यांचा आकडा सारखाच येतो.

माझ्या मते आपल्या अर्जाचे हेच झाले आहे, आणि त्याची खूण आपणच सांगितली आहे. शंकरपाळीतले ते प्रश्नचिन्ह तीन बाइटांच्या चिन्हाचा एखादा बाइट कापला गेला की उमटते. मोजणी चिन्हांची असती, तर शब्द अर्धा तुटला असता, पण ही आकृती आली नसती.

चिकोडीकर

भाषेच्या मुद्द्यापुरते सांगतो. माझ्या मुलीने हाच अर्ज तिच्या महिला मंडळासाठी कन्नडमध्ये भरला होता आणि तोही असाच मध्यावर तुटला. आमच्या घरी दोन्ही भाषा चालतात, त्यामुळे संशय घ्यायला कोणती बाजू निवडावी असा पेच मला पडला नाही.

संगणक शिक्षक (टिळकवाडी, बेळगाव)

कन्नडच्या प्रत्येक चिन्हालाही तीनच बाइट लागतात, त्यामुळे तेथेही तोच परिणाम दिसणार. तक्रार अवश्य करावी, परंतु ती रकान्याच्या आखणीविषयी असावी आणि मराठी व कन्नड अशा दोन्ही पोचपावत्या एकत्र जोडाव्यात. तसे केल्यास दुरुस्ती होण्याची शक्यता जास्त आहे.

निवृत्त शिक्षिका (निपाणी)

सर, एक शंका आहे. मोठ्या अभंगाचे सहा-सहा-सहा-चार असोत की शार्दूलविक्रीडिताची एकोणीस अक्षरे असोत, आपली सारी छंदोरचना जी अक्षरे मोजते तीच कार्यवाहांनी वहीत मोजली. त्याप्रमाणे ‘विद्यार्थ्यांना’ या शब्दाची चारच अक्षरे धरणारे एखादे साधन आहे का?

संगणक शिक्षक (टिळकवाडी, बेळगाव)

बाई, आहे, पण ते सगळीकडे सारखे वागत नाही. वाचणाऱ्याला जे एक अक्षर वाटते ते कोठे सुरू होते आणि कोठे संपते, याचे नियम युनिकोडने ठरवून दिले आहेत. पूर्वीच्या नियमांत मात्रा आणि अनुस्वार व्यंजनाला जोडून धरले जात, पण हलन्तानंतर अक्षर तोडले जाई. त्यामुळे वि, द्, या, र्, थ्, यां, ना असे सात तुकडे पडत. २०२३ साली आलेल्या १५.१ या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरे अखंड धरण्याचा नियम आला आणि तेथे हा आकडा चारवर आला. फोन किंवा ब्राउझर जुना असेल तर सात, नवा असेल तर चार, असा फरक अजून काही काळ दिसत राहील.

यातून एक सोपी कसोटी हाती लागते. अपरिचित रकान्यात काहीही लिहिण्याआधी हा एकच शब्द चिकटवून आकडा किती सरकतो ते पाहावे. चार किंवा सात सरकला तर मोजणी दिसणाऱ्या अक्षरांची आहे, पंधरा सरकला तर चिन्हांची आणि पंचेचाळीस सरकला तर बाइटची. मात्र ही कसोटी पडद्यावरच्या मोजकाची आहे. मागील साठवणुकीची खात्री पोचपावती पाहूनच होते.

डीटीपी चालक (खडेबाजार, बेळगाव)

दुकानात असे मजकूर रोज येतात, म्हणून थोडी भर घालतो. श्रीलिपी या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमधील मजकुराची अक्षरसंख्या कोणी विचारली तर मी ती सांगत नाही. त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी संकेतांचे तुकडे असतात, त्यामुळे येणारा आकडा अक्षरांचाही नसतो आणि युनिकोडच्या चिन्हांचाही नसतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावे, मग मोजावे. आणि रूपांतरानंतर एकदा डोळ्यांखालून घालावे, कारण दिसायला सारख्या असणाऱ्या गोष्टी आत निराळ्या असतात. ‘ॲप’ मधला ॲ हे एकच चिन्ह आहे, पण तोच आकार ‘अ’ वर चंद्र देऊनही काढता येतो आणि मग चिन्हे दोन होतात. ‘दऱ्या’ मधला ऱ्य टंकताना काही कळफलक एक अदृश्य जोडचिन्ह घालतात, तेही मोजणीत येते आणि त्याचेही तीन बाइट होतात. एका शब्दाने काही बिघडत नाही. पण मजकूर मर्यादेच्या काठावर असेल, तर ‘आकडा जास्त का येतो’ याचा शोध येथेच संपतो.

मोबाइल संदेशांचा हिशेब तर फारच कडक आहे. साध्या इंग्रजी संदेशात १६० अक्षरे बसतात, पण त्यात देवनागरीचे एक जरी चिन्ह आले तरी पूर्ण संदेशाची पद्धत बदलते आणि मर्यादा ७० चिन्हांवर येते. त्याहून लांब संदेशाचे तुकडे पडतात, त्या प्रत्येकात ६७ चिन्हे मावतात आणि शुल्क तुकड्यागणिक लागते. सभासदांना वार्षिक सभेची सूचना पाठवताना ‘विद्यार्थ्यांना’ ऐवजी ‘मुलांना’ लिहिले की आठ चिन्हे वाचतात.

निवृत्त शिक्षिका (निपाणी)

मर्यादा शब्दांची असेल तर मराठी लिहिणाऱ्याला उलट सवलतच मिळते. मोजणी यंत्र दोन मोकळ्या जागांमधील मजकूर एक शब्द धरते, आणि आपण विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामाला जोडून लिहितो. ‘घरासमोरच्या झाडाखाली’ हे आपले दोन शब्द झाले. हिंदीत ‘घर के सामने के पेड़ के नीचे’ असे सात होतात. कर्नाटकाच्या माहिती अधिकार नियमांत २००८ पासून अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा, अशी अट आहे. केंद्राच्या २०१२ च्या नियमांत हीच मर्यादा ५०० शब्दांची आहे. १५० शब्द हे ऐकायला फार कमी वाटतात, परंतु प्रत्यय नीट जोडून लिहिलेल्या मराठीत तेवढ्यात पुष्कळ काही विचारता येते. हल्ली अनेक जण ‘बेळगाव मध्ये’, ‘शाळे साठी’ असे तोडून लिहितात. ते अशुद्ध तर आहेच, शिवाय शब्दसंख्याही विनाकारण वाढवते. वाक्यात दोन्ही बाजूंना जागा सोडून डॅश टाकला, तर वर्ड तोही एक शब्द म्हणून मोजते, हेही ध्यानात असू द्यावे.

वाचनालय कार्यवाह (खानापूर तालुका)

सर्वांचे आभार. कसोटीचा शब्द रकान्यात चिकटवून पाहिला, आकडा पंधराने सरकला. समितीला दोन्ही पोचपावत्या दाखवण्याचे ठरले आहे. चिकोडीकरांनी त्यांची प्रत पाठवावी, ही विनंती. आता परिचय नव्याने लिहायचा आहे, तर बाइटच्या हिशेबाने किती चिन्हे धरावीत?

संगणक शिक्षक (टिळकवाडी, बेळगाव)

मराठी मजकुराच्या शंभर चिन्हांमध्ये मोकळ्या जागा, स्वल्पविराम आणि पूर्णविराम मिळून साधारण तेरा-चौदा येतात व त्यांना एकेकच बाइट लागतो. उरलेल्यांचे तिप्पट धरले की शंभर चिन्हांचे पावणेतीनशेच्या आसपास बाइट होतात. त्या हिशेबाने १५०० बाइटांत सुमारे साडेपाचशे चिन्हे, म्हणजे पासष्ट-सत्तरच्या आसपास शब्द मावतील. आपण पाचशेवर थांबावे. वळणदार अवतरणचिन्हे किंवा लांब डॅश वापरू नयेत, कारण तेही तीन-तीन बाइट घेतात. परिच्छेदही पाडू नये, कारण अर्ज पाठवताना प्रत्येक नव्या ओळीची दोन चिन्हे होतात, आणि पडद्यावरचा मोजक तेथे बहुधा एकच दाखवतो. वाचनालयाची स्थापना, ग्रंथसंख्या आणि सभासदसंख्या पहिल्या दोन वाक्यांत आणावी. सविस्तर परिचय वेगळ्या पीडीएफमध्ये जोडण्याची सोय त्याच अर्जात शेवटच्या पानावर आहे.