पॅड बदलूनही किरकिर? पिना बघा

दादा, सेकंडहँड पिकअपच्या पुढच्या डाव्या चाकातून किर्र आवाज येतो आणि ब्रेकचे पॅड बदलूनही तो गेला नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग कॅलिपरच्या, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर (चकतीवर) पॅड दाबणाऱ्या भागाच्या, पिना बघा; त्यांच्यावरच तो सरकतो. माझ्या गाडीचं अगदी हेच झालं होतं. वाशी मार्केटच्या फेऱ्या, पाऊस, खारी हवा. पिनेवरचं रबरी बूट, म्हणजे टोपण, फाटून पाणी आत गेलं आणि खालची पिन गंजून अडकली. चाक काढलं तर आतला पॅड पत्र्यापर्यंत घासलेला, बाहेरचा जवळजवळ नवा! डिस्कवर नखाला खाच लागत होती. पिन साफ केली, नवे बूट घातले, उष्णता सोसणारं ब्रेकचं ग्रीस लावलं, दोन्ही चाकांना नवे पॅड टाकले. ग्रीस पॅडला किंवा डिस्कला अजिबात लागू देऊ नका.

रात्रभर पावसात उभ्या गाडीचा खरखराट पहिल्या चार-पाच ब्रेकांत जात असेल, तर तो डिस्कवरचा गंज, त्याची काळजी नको. पण लोखंडावर लोखंड घासल्यासारखं वाटलं तर माल भरून गाडी बाहेर काढूच नका, कळकळीने सांगतो. आणि मागच्या ड्रममधली धूळ हवा मारून उडवू नका, जुन्या लायनरमध्ये (ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेकच्या अस्तरात) अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेल्यास फुप्फुसाला घातक तंतू, असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.